धर्मानंद कोसंबी : एका अस्वस्थ मनाचा धम्मप्रवास



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका निघत आहे आणि तीत मी काहीतरी लिहावे असा कार्यकर्त्यांचा आग्रह झाला. मी गिरणी कामगार. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते या विहाराच्या लोखंडी कपाटातल्या पुस्तकांवर. त्यामुळे विद्वत्तेचे काही लिहावे एवढी माझी पात्रता नाही. पण एका माणसाचे चरित्र मला सांगायचे आहे. तो माणूस १९४७ साली गेला, म्हणजे आपल्या जन्माच्याही आधी. तरी गेल्या चार वर्षांत तो मला माझ्या शेजाऱ्यापेक्षा जवळचा झाला आहे. त्यांचे नाव धर्मानंद कोसंबी.

आधी कारण सांगतो. मी साळखात्यात लागलो तेव्हा बदली कामगार होतो. साच्यांचा आवाज असा असतो की शेजारच्या माणसाशी बोलायचे तर कानात तोंड घालावे लागते. नवखा माणूस आठ दिवसांत कंटाळतो. पण त्या आवाजाचा एक फायदा होता, हे मला फार उशिरा कळले. धोटा पळतोय, धागा तुटतोय, तो जोडायचाय, एवढेच डोक्यात असायचे. पुढे साळखाता बंद झाला, मला सूतखात्यात टाकले. मग २०२० च्या टाळेबंदीत गिरणी थांबली ती थांबलीच. भोंगा गेला, पाळी गेली, आणि घरात शांतता झाली. तेव्हा कळले की साचे बंद झाले तरी डोक्यातला साचा चालूच आहे. रात्री दोनला जाग येते. घेणेकरी, मुलाची नोकरी, वीस वर्षांपूर्वी कोणी सभेत केलेला अपमान, त्याला त्यावेळी काय उत्तर द्यायला हवे होते, उद्या काय होणार, सगळे एकदम बोलायला लागते. बायको म्हणते, अहो, झोपा की. पण झोपणार कसे? डोक्यात पंचवीस माणसांची बैठक चाललेली, आणि अध्यक्ष कोणीच नाही.

अशा दिवसांत विहारातून कोसंबींचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र घरी आणले. नंतर त्यांची मिळतील ती पुस्तके वाचली. त्यातून जे समजले ते माझ्या भाषेत मांडतो.

गोव्यातला उदास मुलगा

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या सांखवाळ गावी झाला. वडील दामोदर, आई आनंदीबाई. घर सारस्वत ब्राह्मणाचे, राज्य पोर्तुगीजांचे. शाळेतले शिक्षण थोडेसे मराठी, तेवढेच. माड-बागायत सांभाळायची, घरचे काम बघायचे, असे जीवन. सोळाच्या आतबाहेर लग्न झाले. पत्नी बाळाबाई या मडगावच्या लाड घराण्यातल्या.

बाहेरून बघितले तर या मुलाला काही कमी नव्हते. पण मन जाग्यावर नव्हते. संसारात लक्ष नाही, शिकायची भूक मोठी आणि शिकवणारा कोणी नाही. घर सोडावे, कुठेतरी जावे, असे विचार यायचे आणि परत मागे फिरायचे. आज याला डॉक्टर काहीतरी नाव देतील. त्या काळी नाव नव्हते, त्यामुळे माणूस स्वतःलाच दोष देत बसायचा.

१८९७ साली त्यांच्या हाती ‘बालबोध’ हे मुलांसाठी निघणारे मराठी मासिक पडले. त्यात भगवान बुद्धांचे छोटे चरित्र होते. एवढ्याशा लेखाने या माणसाच्या डोक्यातला सगळा गलबला एका जागी आणला. विचार थांबले नाहीत, पण त्यांना तोंड फुटले, दिशा मिळाली. बुद्धाचा धम्म समजून घ्यायचा, मग काय वाटेल ते सोसावे लागो. आपल्यापैकी कित्येकांच्या घरात मुलांच्या अंकातले, दिनदर्शिकेतले चार ओळींचे बुद्धचरित्र पडलेले असते. कुणाच्या हाती ते कोणत्या घडीला पडेल सांगता येत नाही. म्हणून अशा स्मरणिका काढाव्यात, असे मला वाटते.

१८९८ साली वडील वारले. १८९९ च्या अखेरीस धर्मानंदांनी घर सोडले. मागे तरुण पत्नी होती आणि तान्ही मुलगी होती.

इथे मी थांबतो. चरित्र लिहिणारे लोक इथे थांबत नाहीत, ते पुढे पुण्याला जातात. पण मी बापमाणूस आहे. बाळाबाईंना नवरा परत दिसला तो सुमारे सात वर्षांनी. या सात वर्षांत त्या बाईच्या मनात रात्री काय काय बोलले असेल? तिचे ‘निवेदन’ कोणी लिहिले नाही. धर्मानंदांचे मोठेपण मान्य करूनही हा हिशेब मांडलाच पाहिजे. मन शांत करायला एकजण निघाला आणि अशांती दुसऱ्याच्या पदरात पडली.

पायाखाली आशिया

पुण्यात त्यांना डॉ. रा. गो. भांडारकरांचा आधार मिळाला. संस्कृतचा अभ्यास सुरू झाला. पण बुद्धाचा धम्म शिकवणारे तिथे कोणी नव्हते. मग ग्वाल्हेर, मग काशी. १९०० ते १९०२ पर्यंत काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. उपास, थंडी, फाटके कपडे, सगळे सोसले. मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. त्या अन्नछत्राचे दार त्यांना जन्माच्या जातीमुळे उघडे होते. आपला कोणी पूर्वज तिथे शिकायला गेला असता, तर उपाशी राहण्याच्या आधी हाकलला गेला असता. हे धर्मानंदांचे पाप नव्हे. पण वाचताना आपण विसरू नये.

काशीहून नेपाळ. तिथे बुद्धाचा धम्म जिवंत मिळेल अशी आशा होती. बुद्धाच्या नावाजवळ चाललेले प्रकार बघून आशा मोडली. मग बोधगया, कलकत्ता, आणि १९०२ साली सिलोन. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महाथेरांच्या हाताखाली ते श्रामणेर झाले आणि पाली शिकले. गोव्याच्या माडबागेतला मुलगा, पाच वर्षांपूर्वी एका मासिकात वाचलेल्या माणसाचे बोल आता मुळातून वाचू लागला.

पुढे मद्रासमार्गे ब्रह्मदेश. तिथे ते भिक्षू झाले. १९०४ च्या सुमाराची एक हकीकत मला फार आवडते. सगाईंच्या डोंगरात एका गुहेत ते ध्यान शिकायला राहिले. सोबतीला होते जर्मनीचे भिक्षू ज्ञानतिलोक, जे पूर्वाश्रमी व्हायोलिन शिकलेले संगीतकार होते. एक युरोपातला वादक, एक कोकणपट्टीतला बागायतदार, आणि दोघे एका डोंगरात डोळे मिटून श्वास बघत बसलेले. दोघांच्या घरच्या भाषा वेगळ्या, पण डोक्यातली बडबड बहुधा सारखीच असेल. कारण बडबडीला देश नसतो.

वितर्कचरित माणूस

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

पाचव्या शतकात सिलोनच्या अनुराधपूरला महाविहारात आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ हा ग्रंथ लिहिला. या ग्रंथावर धर्मानंदांनी आयुष्याची कितीतरी वर्षे घातली. त्यात ध्यानासाठी ४० कर्मस्थाने सांगितली आहेत. पण सगळ्यांना एकच औषध नाही. माणसांच्या स्वभावाचे सहा प्रकार केले आहेत: रागचरित, द्वेषचरित, मोहचरित, श्रद्धाचरित, बुद्धिचरित आणि वितर्कचरित. ज्याच्या मनात वितर्क, म्हणजे विचारांची ये-जा सारखी चालू असते, तो वितर्कचरित. त्याची लक्षणे वाचून मी चमकलो. असा माणूस फार बोलतो, त्याला माणसांत राहायला आवडते, हातात घेतलेले काम तडीस जात नाही. रात्री बेतांचा धूर करतो आणि दिवसा त्यांचा जाळ करीत धावतो. मन इकडून तिकडे उड्या मारीत असते. दीड हजार वर्षांपूर्वी लिहिणाऱ्याने आमच्या कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याला कुठे बघितले, असा प्रश्न पडला!

हसण्याचा भाग सोडा. मला धीर कशाने आला ते सांगतो. मी समजत होतो की डोके चालू राहणे हा माझा दुबळेपणा आहे, किंवा माझ्या परिस्थितीचा शाप आहे. इथे तर तो माणसाचा एक प्रकार म्हणून सरळ नोंदवलेला. शिवी नाही, शाप नाही. आणि त्याला औषध सांगितले आहे ते आनापानसती, म्हणजे येणारा-जाणारा श्वास जाणणे.

सुरुवात मोजण्यापासून आहे. श्वास मोजायचे, पण पाचाच्या आत थांबायचे नाही आणि दहाच्या पुढे जायचे नाही. पाचाच्या आत ठेवले तर मन कोंडलेल्या गुरांसारखे धडपडते. दहाच्या पुढे गेले तर मन आकड्यांतच गुंतून पडते. मोजायचे कसे, तर आधी धान्य मोजणाऱ्यासारखे सावकाश. तो माप भरून ओततो, कचरा दिसला तर बाजूला टाकतो, आणि ओतेपर्यंत तोच आकडा तोंडात घोळवतो. आपल्या गावाकडे खळ्यावर पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायची रीत होती, ती मला आठवली. मग सराव झाला की गुराख्यासारखे भरभर. गुराखी गोठ्याच्या दारात खडे घेऊन बसतो आणि गाय दारातून बाहेर पडेल तशी मोजतो. गाईंच्या मागे धावत नाही. दारातच बसतो.

हे ‘दारात बसणे’ मला समजायला एक वर्ष लागले. विचार आला की मी त्याच्या मागे रानात जायचो. घेणेकऱ्याचा विचार आला की व्याजाचा हिशेब सुरू. आता निदान एवढे कळते की, अरे, ही गाय गेली. परत दारात येऊन बसतो. कधी दहापर्यंत पोचतो, पुष्कळ वेळा तीनवरच गाडी रुळावरून उतरते.

मज्झिम निकायात वितक्कसंठान नावाचे सुत्त आहे. नको ते विचार सतावतात तेव्हा काय करायचे याचे पाच उपाय त्यात क्रमाने आहेत. पहिला, चांगला विचार आणून वाईट बाहेर काढायचा, जसा सुतार लहान खुंटीने मोठी खुंटी ठोकून काढतो. दुसरा, त्या विचाराने होणारे नुकसान बघायचे. तिसरा, त्याच्याकडे लक्षच द्यायचे नाही. चौथा, तो उठतो कुठून ते शोधत त्याला हळूहळू निववायचा. भरभर चालणाऱ्याला वाटावे की धावतो कशाला, म्हणून तो सावकाश चालतो, मग उभा राहतो, मग बसतो, मग आडवा होतो. आणि काहीच चालले नाही तर पाचवा, दात आवळून मनाला मनाने दाबायचे. बघा, दाबणे सगळ्यात शेवटी आहे. आपण सुरुवातच दाबण्यापासून करतो आणि ते जमत नाही म्हणून बाटलीकडे वळतो. आमच्या चाळीत किती संसार असे गेले ते मी मोजले तर रात्र पुरणार नाही.

हा ध्यानाचा विषय मराठी माणसाला मराठीत समजावा म्हणून धर्मानंदांनी ‘समाधिमार्ग’ हे पुस्तक लिहिले. ते १९२५ साली निघाले. पाली न येणाऱ्या माझ्यासारख्यावर हे त्यांचे मोठे उपकार आहेत.

पन्नास रुपये आणि अपुरा ग्रंथ

धर्मानंद १९०६ साली कलकत्त्याला आले. चीवर सोडून पाली शिकवू लागले. तिथे त्यांना पगार चांगला होता. पण आपल्या माणसांत, आपल्या भाषेत धम्म सांगायचा हा ध्यास होता. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी महाराष्ट्रात राहून लिहिण्यासाठी दरमहा पन्नास रुपये देऊ केले, आणि धर्मानंद कलकत्ता सोडून आले. जास्त सोडून कमी घेणारा माणूस आपण रोज बघत नाही. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे त्यांचे पुस्तक १९१० सालचे. ‘बुद्धलीलासारसंग्रह’ १९१४ सालचे.

१९१० साली ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. हेन्री वॉरन या पंडितांनी ‘विसुद्धिमग्ग’चे संपादन हाती घेतले होते, पण १८९९ साली ते वारले आणि काम अपुरे राहिले. प्रा. लॅनमन यांच्याकडे ते पुरे करायचे होते. ग्रंथावर कोणाचे नाव कसे यावे यावरून लॅनमन आणि धर्मानंद यांच्यात वाद झाला आणि १९१२ साली धर्मानंद काम अर्धे ठेवून परतले. म्हणजे मन शांत करण्याचा सगळ्यात मोठा ग्रंथ, आणि त्याच्याच पायी मनस्ताप! मला यात धर्मानंदांचे कमीपण दिसत नाही. हक्काचा प्रश्न आला की कामगाराने बोलले पाहिजे. ध्यान करतो म्हणून अन्याय गिळायचा असे बुद्धाने कुठे सांगितले नाही.

पुढे १९१२ ते १९१८ त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. पु. वि. बापट यांच्यासारखे विद्यार्थी तयार झाले. त्यानंतर तीनदा परत अमेरिका, आणि १९३२ साली काम संपवले. पहिल्या बोटीपासून बावीस वर्षे! देवनागरीतला ‘विसुद्धिमग्ग’ मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने १९४० साली काढला. हार्वर्डची आवृत्ती निघाली १९५० साली. तेव्हा धर्मानंद जाऊन तीन वर्षे झाली होती.

मधल्या काळात अहमदाबादचे गुजरात विद्यापीठ झाले, १९२९ साली रशियात लेनिनग्राड झाले, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास झाला. नकाशा घेऊन बसलात तर बोट दुखेल. हा माणूस एका जागी राहिलाच नाही. पण मी एक पाहिले. गावे बदलली, नोकऱ्या बदलल्या, धागा मात्र एकच राहिला. ताणा तोच, बाणा फिरता.

परळचा बहुजनविहार

आता आपल्या घरची गोष्ट. १९३७ साली धर्मानंदांनी मुंबईत परळला ‘बहुजनविहार’ उभा केला. पैसा बिर्लांनी दिला. जागा निवडली ती गिरणगावात, कष्टकऱ्यांच्या, आपल्या दलित बांधवांच्या वस्तीजवळ. हार्वर्डला काम करून आलेला साठीतला पंडित त्या विहारात राहिला. गिरण्यांचे भोंगे ऐकत, धुरात, आपल्या आजोबा-पणजोबांच्या शेजारी. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९३५ साली, बाबासाहेबांनी येवल्याला हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली होती. हवा तापलेली होती. अशा वेळी बुद्धाचे नाव घेऊन कामगार वस्तीत येऊन बसणे ही साधी गोष्ट नव्हती.

त्यांचे ‘भगवान बुद्ध’ हे पुस्तक त्यानंतरचे. म्हातारा, रोगी, प्रेत बघून सिद्धार्थ घर सोडून गेला ही कथा त्यांनी तपासून बाजूला ठेवली आणि शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाण्यावरील भांडणाशी गृहत्यागाचा संबंध जोडला. प. पू. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली निघालेल्या ग्रंथातही रोहिणीच्या पाण्याचा तंटा हेच कारण आहे, हे आपण जाणतोच. म्हणजे सिद्धार्थाच्याही मनात खळबळ होती. ती स्वतःच्या दुःखाची नव्हती, युद्ध करावे की न करावे याची होती. अस्वस्थ मन नेहमी रोगीच असते असे नाही. कधी ते न्यायासाठी जागे असते.

शेवट

शेवटी शरीर व्याधींनी थकले. आता आपला कोणाला उपयोग नाही असे वाटून धर्मानंदांनी अन्न सोडून देह ठेवायचे ठरवले. पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माचा त्यांच्यावर प्रभाव होता. १९४६ साली गांधीजींनी त्यांना एकदा परावृत्त केले. पण पुढे सेवाग्रामला त्यांनी पुन्हा अन्न सोडले आणि ४ जून १९४७ रोजी त्यांचा अंत झाला. वय ७०.

त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून मी सांगतो, हा शेवट मला पटत नाही. माझा उपयोग नाही, हे वाक्य माझ्याही डोक्यात रात्री दोनला येते. गिरणी बंद झालेल्या माझ्या कितीतरी सोबत्यांच्या डोक्यात येते. त्यातले दोघे आज नाहीत. म्हणून स्पष्ट लिहितो, तो विचारसुद्धा एक गायच आहे. दारातून जाईल. तिच्या मागे जायचे नाही. आपल्यासमोर बाबासाहेब आहेत. शरीर पार खचलेले असताना ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीसुद्धा ते धम्माच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेवर काम करीत होते. आणि एकट्याने दारात बसवत नसेल तर शेजारी कोणीतरी असावे, त्याला उठवावे, त्याच्याशी बोलावे, डॉक्टरकडे जावे. यात लाज नाही.

मी आजही रात्री उठतो. बैठक अजून भरते, पंचवीसची पंधरा माणसे झाली असतील, जास्त सांगणार नाही. पण हल्ली मी अंथरुणात उठून बसतो आणि लाभ, दोन, तीन मोजायला लागतो. बायको विचारते, जागे आहात का? मी म्हणतो, हो, जागा आहे. एखादे वेळी तीही उठून बसते.

आपल्या विहारात दर रविवारी सकाळी सात वाजता आनापानसतीला बसतात. खुर्चीची सोय आहे. गुडघे दुखणाऱ्या माझ्या गिरणीतल्या मित्रांना मुद्दाम कळवतो.

जयभीम! नमो बुद्धाय!